बाहेरच्यांची मनं कळतात, मग बहिणीचं का नाही?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा:

"मी ३६ वर्षांची आहे. घरात एक भाषा, शाळेत आणि पुढे नोकरीत दुसरी, अशीच वाढले. दोन्ही सारख्याच सहज बोलते. ऑफिसात वेगवेगळ्या भागांतून आलेली माणसं आहेत. त्यांच्यात काही बिनसलं की सगळे माझ्याकडे येतात, 'तुला माणसं बरोबर कळतात' म्हणतात. घरी मात्र उलटं आहे. दोन महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीने नोकरी सोडल्याचं मला आईकडून कळलं. त्याच रात्री मी तिला चार-पाच जागांच्या जाहिराती पाठवल्या. तिने फोन केला आणि म्हणाली, 'बाहेरच्यांची मनं तुला कळतात. माझं कधी कळलं का?' तेव्हापासून आमचं कामापुरतंच बोलणं आहे. दोन भाषा येणाऱ्यांना इतरांची मनं जास्त चांगली कळतात, असं मी वाचलं होतं आणि मला ते स्वतःबद्दल खरं वाटायचं. मग माझी समज एकाच भाषेत अडकली आहे का? की माझी घरची भाषा कच्ची झाली आहे? बहिणीशी यापुढे दुसऱ्या भाषेत बोलून बघू का? तिलाही ती येते. की दोष तिचाच आहे? माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला दोन्ही भाषा नीट आल्या तर त्याचं तरी असं होणार नाही ना? आणि तुमचं उत्तर मी बहिणीला पाठवलं तर चालेल का?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दापाशी अडखळले: 'आईकडून'. त्या शब्दाकडे येतेच. पण आधी तुम्ही जे वाचलं आहे त्याबद्दल बोलू, कारण स्वतःला मोजायची पट्टी तुम्ही तिथूनच उचलली आहे.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे माणसाला हळूहळू उमगतं. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो ते कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, जिथे ते आता आहे तिथे. आपल्याला माहीत आहे म्हणजे त्यालाही माहीत असणारच! चार-पाच वर्षांपर्यंत उत्तर बदलतं. पुढे २००९ साली आग्नेस कोवाच यांनी रुमानियन आणि हंगेरियन अशा दोन भाषांत वाढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांना याच धर्तीचे प्रश्न विचारले, तेव्हा एकाच भाषेत वाढणाऱ्या मुलांपेक्षा ती जास्त वेळा बरोबर ठरली. मोठ्यांवरच्या काही प्रयोगांतही असंच दिसलं. मात्र २०१८ साली स्कॉट श्रोडर यांनी मुलांवरचे असे बरेच अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तेव्हा फरक दिसला तो लहानसाच. शिवाय तो सरासरीतला फरक. सरासरीवरून एका माणसाबद्दल, त्यातही त्याच्या एका नात्याबद्दल, काही सांगता येत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१५ सालचा एक प्रयोग. सामंथा फॅन, झोई लिबरमन, बोअझ कीसार आणि कॅथरिन किन्झलर यांनी केलेला. चार ते सहा वर्षांचं मूल चौकोनी खणांच्या एका मांडणीसमोर बसतं. पलीकडच्या बाजूला एक मोठं माणूस. काही खण पलीकडून बंद आहेत, त्यांतलं मुलाला दिसतं, त्या माणसाला दिसत नाही. खणांत तीन गाड्या आहेत, मोठी, मधली आणि लहान. सगळ्यांत लहान गाडी बंद खणात आहे. पलीकडून सूचना येते, 'ती लहान गाडी सरकव बघू.' आता मुलाचा हात कुठे जाईल? त्याला तीन गाड्या दिसतात, पलीकडच्याला दोनच. म्हणजे पलीकडच्याच्या लेखी 'लहान' ती मधली गाडी. एकभाषिक मुलांनी साधारण निम्म्या वेळा योग्य गाडी सरकवली. द्विभाषिक मुलांनी चारांतून तीनदा. पण एक तिसरा गटही होता. या मुलांना बोलता एकच भाषा यायची, पण आजूबाजूला दुसरी भाषा नियमित कानावर पडायची. त्यांचा निकाल द्विभाषिक मुलांच्या बरोबरीने लागला.

ज्या मुलाला दुसरी भाषा बोलताच येत नाही त्याला हे कसं साधलं? मला पटणारं उत्तर असं. अशा गोतावळ्यातलं मूल रोज पाहत असतं की हे बोलणं आजोबांना कळलं, त्या पाहुण्यांना नाही कळलं. आई याच्याशी एका भाषेत बोलते, त्याच्याशी दुसऱ्या. कोणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचं भान ठेवल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. तुम्ही ज्याला भाषेचं देणं समजत होतात, ते बऱ्याच अंशी माणसांचं देणं आहे.

हे मी स्वतः अनुभवलं आहे. लहानपणी आमच्या शेजारच्या बाईंना आमची भाषा येत नसे आणि आजीला त्यांची. दोघींच्या मधे मी, नऊ वर्षांची. एका दुपारी आजी त्यांच्याकडे बघत मला म्हणाली, 'विचार, निघाल्या का?' तिच्या सुरात 'इतक्यात कशाला, बसा की' होतं. मी नुसते शब्द उचलले आणि दुसऱ्या भाषेत ठेवले. बाईंनी मांडीवरचं विणकाम गुंडाळलं, सुया पिशवीत घातल्या आणि त्या उठल्या. चपला घालताना त्यांचा चेहरा उतरलेला दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. धावत जाऊन मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, 'आजी थांबा म्हणतेय.' दोन्ही भाषा मला त्या दुपारीही येतच होत्या. सांगण्याआधी दोघींच्या चेहऱ्यांकडे बघायचं असतं, हे मात्र मी त्या दुपारी शिकले.

आता तुमच्या ऑफिसकडे बघा. तिथे समोरचा वेगळ्या भागातून आलेला, त्याची बोलायची धाटणी वेगळी. त्याचं म्हणणं आपल्याला आपोआप कळणार नाही, हे तुम्ही गृहीतच धरलेलं असतं. म्हणून तुम्ही विचारता, 'म्हणजे नेमकं काय झालं?' ऐकून घेता, पुन्हा विचारता. लोक ज्याला 'माणसं कळणं' म्हणतात, ते मला तुमच्या या विचारण्यात दिसतं. बहिणीपाशी तुम्ही विचारलंच नाहीत. ती आपलीच, तिला विचारायचं काय?

यात तुम्ही एकट्या नाही. केनेथ सॅवित्स्की, कीसार, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हेच तपासलं. वर सांगितला तसाच खणांचा खेळ मोठ्या माणसांना दिला. सूचना देणारा कधी जवळचा मित्र, कधी अनोळखी. मित्राच्या सूचना पाळताना लोकांचा हात चुकीच्या वस्तूकडे, म्हणजे फक्त स्वतःलाच दिसणाऱ्या वस्तूकडे, जास्त वेळा गेला. जोडप्यांवरही त्यांनी प्रयोग केला. एकाने संदिग्ध वाक्य बोलायचं, दुसऱ्याने त्याचा रोख ओळखायचा. आपलं म्हणणं जोडीदाराला नक्की कळेल असा भरवसा लोकांना होता, प्रत्यक्षात तितकं कळलं नाही. हा भरवसा परक्याच्या बाबतीत आपण इतका ठेवत नाही आणि म्हणूनच परक्यापाशी सावध राहतो. तेव्हा तुमची समज एका भाषेत अडकलेली नाही. जवळच्या माणसापाशी ती सैलावते, एवढंच.

आता 'आईकडून'.

प्रत्येकाच्या गोतावळ्याला एक वीण असते. काही ठिकाणी ती दाट असते, जो तो एकमेकांना ओळखतो आणि एकाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक. काही ठिकाणी सैल असते, तुम्ही दहा जणांना ओळखता पण ते दहा जण एकमेकांना ओळखत नाहीत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं की नवी माहिती बहुधा लांबच्या ओळखींतून येते, कारण जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला. रोनाल्ड बर्ट यांनी पुढे, एकमेकांशी संबंध नसलेल्या गटांच्या मधे उभं राहणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. अशा माणसाला दोन्हीकडचं बघावं लागतं. ऑफिसात तुमची जागा हीच आहे.

भाषा आणि वीण यांची सांगड घालणारं कामही अलीकडे झालं आहे. मॉन्ट्रियल हे फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही रोजच्या वापरात असलेलं शहर. तिथल्या मॅकगिल विद्यापीठातल्या मेहरगोल तिव, डेब्रा टिटोन आणि सहकाऱ्यांनी 'तुम्हाला किती भाषा येतात' एवढंच विचारून समाधान मानलं नाही. तुमच्या आसपास कोण कोण आहे, कोणाशी कोणती भाषा, ती माणसं आपसात जोडलेली आहेत का, अशा प्रश्नांतून त्यांनी लोकांच्या गोतावळ्याचे नकाशेच मांडले. २०२२ साली मॉन्ट्रियल आणि अमेरिकेतलं गेन्सव्हिल अशा दोन ठिकाणच्या लोकांच्या अशा नकाशांवरून त्यांनी दाखवलं की गोतावळ्याची रचना आणि इतरांच्या मनाचा अंदाज घेण्याची क्षमता यांचा संबंध आहे. कशामुळे काय होतं, हे मात्र यातून ठरत नाही. ज्याला माणसं कळतात त्याचा गोतावळा पसरत असेल. पसरलेला गोतावळा माणसाला शिकवतही असेल. मला दोन्ही शक्य वाटतात.

तुमचं माहेर दाट विणीचं आहे. अशा घरात एकमेकांची खबर न विचारता मिळते. त्यात माया आहे, आधार आहे, आणि एक धोकाही आहे: बातमी मूळ माणसाकडून येत नाही. बहिणीने नोकरी सोडली, ही गोष्ट तुमच्याकडे आली ती आईच्या काळजीतून गाळून. आईला चिंता पुढे काय होणार याची, म्हणून तुमच्या हाती पडला तो प्रश्न 'आता पुढे काय' हा. तुम्ही रात्री जागून त्याचं उत्तर शोधलंत. उत्तर आईच्या काळजीला होतं आणि तुम्ही ते बहिणीच्या पत्त्यावर पाठवलंत. बहिणीचा प्रश्न काय होता? तिने नोकरी 'सोडली' असं तुम्ही लिहिलं आहे, 'गेली' असं नाही. का सोडली, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला वाटतं तुम्हाला ते अजूनही ठाऊक नाही.

म्हणूनच दोष कोणाचा, या वाटेने जाऊ नका असं मी सांगेन. दोन बहिणींच्या मधली वाट आईच्या खोलीतून जाते आहे, यात तिघींपैकी कोणाचीच वाईट इच्छा नाही.

तुमची घरची भाषा कच्ची झाली आहे का? पत्र तुम्ही त्याच भाषेत लिहिलं आहे आणि ते उत्तम आहे. पण भाषा येणं आणि त्या भाषेत एखाद्या विषयावर बोलायची सवय असणं, या दोन निराळ्या गोष्टी. द्विभाषिकतेचे अभ्यासक फ्रांस्वा ग्रोजाँ म्हणतात की दोन भाषांची माणसं आयुष्यातले विषय भाषांत वाटून टाकतात. काही विषय एकीत, काही दुसरीत, थोडे दोन्हींत. तुम्ही बहिणीशी घरच्या भाषेत शेवटचं मनातलं कधी बोललात? बहुधा दोघी एका घरात होतात तेव्हा. त्या भाषेत तुमच्याकडे तिची समजूत काढायचे, तिला दटावायचे, तिच्यासाठी काहीतरी करून द्यायचे शब्द आहेत. नोकरीतला कोंडमारा, थकवा, स्वतःवरचा उडालेला विश्वास यांबद्दल तुम्ही बोलता ते ऑफिसातल्या भाषेत, ऑफिसातल्या माणसांशी. त्या विषयांवर बहिणीशी तुमची कोणतीच भाषा तयार झालेली नाही. ती बोलता बोलताच होईल.

त्यामुळे ठरवून दुसऱ्या भाषेत बोलू नका. इतक्या वर्षांची भाषा सोडून तुम्ही अचानक ऑफिसच्या भाषेत बोलू लागलात, तर आपल्यालाही आता ऑफिसातल्या तंट्यासारखं हाताळलं जातंय, असं तिला वाटेल. बोलण्याच्या ओघात तीच तिकडे वळली तर खुशाल वळा. एका वाक्यात दोन्ही भाषा आल्या तरी काही बिघडत नाही. काही गोष्टी लांबच्या भाषेत सांगणं सोपं जातं, काही जवळच्या. काय कोणतं, ते तिला ठरवू द्या.

आणखी एक शंका मला राहून राहून येते आहे. 'माझं मन कधी कळलं का' या वाक्यातला 'कळणं' हा शब्द तुम्ही अंदाज बरोबर येणं या अर्थाने घेतला आहे, कारण तुम्ही जे वाचलंत त्यात तोच अर्थ होता. बहिणीचा अर्थ तोच असेल का? अनेकदा माणूस 'तुला कळत नाही' म्हणतो तेव्हा त्याला 'तू माझ्याजवळ बसत नाहीस' असं म्हणायचं असतं. ऑफिसातल्या लोकांना तुमचे तास मिळतात. बहिणीला त्या रात्री चार-पाच जाहिराती मिळाल्या. दिवसभर सगळ्यांच्या मधे उभं राहून तुम्ही घरी येता तेव्हा उमेद संपलेली असते, हेही मी समजू शकते. ऑफिसातल्या एखाद्या भांडणाला 'तुम्ही दोघं आधी आपसात बोला' म्हणून बघा. ती भांडणं तुमच्यावाचूनही मिटतील.

मग करायचं काय? ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि एप्ली यांनी २०१८ साली २५ प्रयोग प्रसिद्ध केले. 'स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा' असं सांगितल्याने लोकांचे अंदाज अधिक अचूक होतात का, हे त्यांनी तपासलं. झाले नाहीत. अचूकता वाढली ती थेट त्या माणसालाच विचारल्यावर. हे मला फार दिलासा देणारं वाटतं, कारण यात कुठली देणगी लागत नाही. 'तिच्या जागी मी असते तर' असा विचार करत रात्र घालवू नका. तिच्या जागी तुम्ही नव्हतात, ती होती, आणि ती फोनच्या पलीकडेच आहे.

पण एक काम आधी करा. हे मी दोन भाषांत जगणाऱ्या सगळ्यांनाच सांगेन, दूर राहणाऱ्यांना आणि ज्यांच्या सासरची भाषा निराळी आहे त्यांना तर नक्कीच. एक मोठा कागद घ्या. गेल्या महिन्यात ज्यांच्याशी मनापासून बोललात त्यांची नावं लिहा. प्रत्येकापुढे कोणती भाषा आणि कोणते विषय, ते लिहा. जी माणसं आपसात बोलतात त्यांना रेघेने जोडा. मग त्या प्रत्येकाची शेवटची मोठी बातमी तुम्हाला खुद्द त्याच्याकडून कळली की तिसऱ्याकडून, हे आठवा. तिसऱ्याकडून कळलेल्यांच्या नावांभोवती गोल करा. भाषेचा प्रश्न म्हणून जे छळत होतं ते बऱ्याच जणांना या गोलांत सापडेल. त्यांतल्या एकाला या आठवड्यात थेट फोन करा, काही काम नसताना.

एक पथ्य मात्र पाळा. दुसऱ्याकडून काही कळलं की लगेच मदत धाडू नका. 'आईकडून कळलं. तुझ्याकडून ऐकायचंय. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग' एवढंच पुरे. ती आठवडाभर काही बोलली नाही तर तो आठवडा तिचा.

तुमच्या मुलाबद्दल थोडंसंच. त्याला दोन्ही भाषा जरूर द्या. त्यामुळे त्याला आजी-मावशीशी थेट बोलता येईल, कोणी मधे लागणार नाही, हे कारण पुरेसं आहे. मनकवडा होईल या आशेने मात्र नको. तसं ओझं चार वर्षांच्या पोरावर कशाला? त्याला तक्त्यांवरचे शब्द पाठ करून घेण्यापेक्षा त्या भाषेत बोलणारी, त्याला दटावणारी, त्याच्याशी खेळणारी माणसं भेटू द्या. आणि त्याच्यासमोर तुम्ही कोणाला 'मला नीट कळलं नाही, पुन्हा सांगशील?' असं विचारलंत तर ते तो टिपून ठेवेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हे उत्तर बहिणीला पाठवू नका, निदान आत्ता नको. त्या जाहिरातींनंतर तिला आणखी काही वाचायला पाठवणं बरं नाही. फोन करा. जाहिराती पाठवल्या ते चुकलं, असं एका वाक्यात सांगा, स्पष्टीकरण न देता. मग विचारा, नोकरी का सोडलीस. ती सांगत असताना मधे उपाय सुचला तर तो कागदावर लिहून बाजूला ठेवा. आणि यातलं आईला काय सांगायचं आणि काय नाही, तेही तिलाच विचारा.